चावीवाल्याचा फोन

आमच्या गल्लीत पाणी कधी येतं, असं बाहेरगावचे पाहुणे विचारतात तेव्हा मला आधी राग येतो आणि मग त्यांची कीव येते. कधी म्हणजे काय? येतं तेव्हा येतं. मध्ये चार दिवस जातात, कधी पाच, मोठी पाइपलाइन कुठे फुटली तर आठवडाही. सकाळी येईल की भर दुपारी, हे चावीवाल्यालाही आदल्या संध्याकाळीच कळतं. सोलापुरात आयुष्य गेलं की माणूस याची तक्रार करणंसुद्धा विसरतो. आमच्याकडे साखरपुड्याचा मुहूर्त निघाला की घरातली बाई मनातल्या मनात आधी पाण्याचा दिवस बघते.

चावीवाला म्हणजे पाणी सोडणारा माणूस. त्याच्या खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी असते. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची, की त्या गल्लीचं पाणी सुरू होतं. ठरलेला वेळ झाला की तो परत येतो आणि उलटी फिरवतो. आमच्या चावीवाल्याला मी कित्येक वर्षं ओळखते. तो मूळचा करकंबचा. तिथली शेती भावाभावांत वाटून तुकड्यावर आली, म्हणून बायको आणि दोन मुलींना घेऊन इथे आला. तो ठेकेदाराच्या हाताखाली कामाला आहे, म्हणजे आज आहे आणि उद्या ठेकेदार नको म्हणाला की नाही. मुली इथल्या शाळेत आहेत. दोघींचं शिक्षण होईपर्यंत ही चावी खांद्यावर राहू दे, एवढंच त्याचं मागणं. आमच्या ओट्यावर चहा घेताना तो दर वेळी हे सांगायचा.

पाणी आल्याचं कळावं म्हणून आमच्या गल्लीची एक जुनी रीत होती. आमच्याकडे पाण्याला जोर नाही, त्यामुळे सगळ्यांचे नळ दारातल्या खड्ड्यात. पाणी गेलं तरी नळ बंद करायचा नाही, उघडाच ठेवायचा, आणि त्याच्याखाली पत्र्याचा डबा उपडा घालून ठेवायचा. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो आणि मग पत्र्यावर थेंब वाजायला लागतात. ज्याला पहिल्यांदा ऐकू येईल त्याने गल्लीत ओरडायचं. गुपचूप भरून घेणाऱ्या घराशी बाकीच्या बायका बरेच दिवस बोलत नसत.

माझ्या शेजारच्या अक्कांची मात्र यात पंचाईत व्हायची. अक्का विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू बोलतात आणि गल्लीत मराठी. त्यांच्या पुढच्या खोलीत टॉवेलचे यंत्रमाग आहेत. माग चालू असताना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे डब्यावरचे थेंब कुठून येणार? मी बाजारातल्या चादरींच्या दुकानात दिवसभर कामाला, नवरा बार्शीला नोकरीला. म्हणजे एका घरात कोणी नाही आणि दुसऱ्या घरात असून ऐकू येत नाही. आम्ही दोघी गल्लीतल्या इतरांच्या ओरडण्यावर जगत होतो.

मुलीच्या कॉलेजसाठी घरात वायफाय घेतलं होतं. मुलगी शिकून पुण्याला नोकरीला गेली, वायफाय राहिलं. त्याची वायर विजेच्या खांबावरून वरच्या खोलीच्या खिडकीतून आत आली आहे, म्हणून तो राउटरही बसवणाऱ्याने खिडकीतच बसवला. त्यामुळे घरापेक्षा रस्त्यावरच त्याची रेंज चांगली. मी स्वयंपाकघरातून मुलीला व्हिडिओ कॉल लावला की तिचं तोंड उघडं राहून चित्र अडकतं, आणि गल्लीत स्कूटरवर बसलेल्या परक्या माणसाला अख्खा सिनेमा दिसेल. जाताना मुलीने माझ्या फोनवर राउटरचं ॲप घालून दिलं. कुठला फोन जोडला गेला, कधी सुटला, ते त्यात दिसतं. कुणी फुकट वापरत असेल तर आईला कळावं, हा तिचा हेतू.

एका रविवारी चावीवाला दारात आला. रिचार्ज संपलाय, गॅसचा नंबर लावायचाय, जरा वायफाय द्याल का, म्हणाला. मी पासवर्ड सांगितला. माझ्या माहेरच्या गावाचं नाव, वेळापूर, लागोपाठ दोनदा. आता बदललाय, म्हणून इथे लिहिते. वेळापूरच्या माणसाला एकदा वेळापूर म्हणून भागत न्हाय व्हय, असं म्हणून तो हसला. करकंबच्या माणसाला वेळापूरची खोडी काढल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. गॅसचा नंबर लागला, चहा झाला आणि तो गेला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी दुकानात होते. गिऱ्हाईकाला चादर उलगडून दाखवताना फोन वाजला. ॲपवर कुठल्यातरी फोन कंपनीचं नाव, त्यामागे आकड्या-अक्षरांची शेपटी, आणि खाली लिहिलेलं, जोडले गेले. मला वाटलं, झाली चोरी सुरू. थोड्या वेळाने गल्लीतून निरोप आला की पाणी आलंय. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं, तेव्हा पडला. फोनला एकदा पासवर्ड दिला की तो विसरत नाही. चावीवाला गल्लीत शिरला की त्याच्या खिशातला फोन आपण होऊन माझ्या खिडकीला आपली ओळख सांगत होता, आणि फोनच्या मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या ॲपमध्ये प्रत्येक फोनला आपल्याला हवं ते नाव देता येतं. मी त्या शेपटीच्या जागी लिहिलं, पाणी. आणि फक्त याच्यासाठी घंटी वाजव, बाकी कुणासाठी नको, असंही सांगून ठेवलं. तेव्हापासून झाकण उचलायच्याही आधी माझ्या फोनवर यायला लागलं, पाणी जोडले गेले. खरं सांगते, मुलीच्या निकालाच्या वेळीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

मी दुकानातून अक्कांना फोन लावायची. मागाच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही म्हणून त्या फोन कमरेला खोचून ठेवायच्या, तो थरथरला की माग बंद करून बाहेर यायच्या आणि दोन्ही घरांचे नळ सोडायच्या. अक्का दर वेळी सगळ्यात आधी भांडी घेऊन तयार कशा, हे गल्लीने लगेच हेरलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं? मी सांगून टाकलं. मग माझ्या फोननंतर अक्का ओरडायच्या आणि गल्ली नळ सोडायची. हळूहळू सगळ्यांनी नळांखालचे डबे उचलले. उघड्या नळातून झुरळं येतात ही बायकांची पहिल्यापासूनची तक्रार होतीच, आता नळ घट्ट बंद राहायला लागले. माझा भाव वधारला. भाजीवालीसुद्धा मला थांबवून विचारायची, ताई, तुमच्या फोनात काय म्हणतंय पाणी? ज्याच्या जिवावर हे चाललं होतं त्याला मात्र कुणीच काही सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. त्याला सांगायला हवं, हे कुणाला सुचलंच नाही.

या उन्हाळ्यात त्याचा फोन व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पडला. झाकण उचलायला वाकला आणि वरच्या खिशातून निसटला. दुरुस्तीवाल्याने तो सुकवला, आतलं सगळं पुसलं आणि कोरा करून परत दिला. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की पाण्याचा दिवस आला, मी दुकानात बसून राहिले, आणि फोन गप्प राहिला.

उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर आमच्या गल्लीत दारं लागतात ती पाचनंतरच उघडतात. अक्कांचे माग चालू होते, आणि सगळ्यांचे नळ घट्ट बंद. दुपारी पलीकडच्या गल्लीतली बाई काही कामाने आली आणि सहज म्हणाली, आमचं तर सकाळीच भरून झालं. झालं, आग लागली. कोपऱ्यावर एक निवृत्त काका राहतात. नोकरीत त्यांनी जन्मभर लोकांचे अर्ज तपासले, आता स्वतः लिहितात. त्यांनी मला दुकानात फोन केला. तुमच्या फोनवर आलं होतं का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले, कारण नव्हतंच आलं. मग तो आलाच नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मलाही ते बरोबर वाटलं. फोन त्याच्या बाबतीत कधी चुकला नव्हता. मी घरी पोचेपर्यंत काकांचा अर्ज ठेकेदाराच्या ऑफिसला गेलाही होता. चावीवाला आमची गल्ली सोडून पुढे गेला, हेतुपुरस्सर, असा त्यात शब्द होता. काकांना तो शब्द फार आवडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावीवाला माझ्या दारात उभा. खांद्यावर चावी नव्हती. चावीशिवाय मी त्याला कधी पाहिलं नव्हतं आणि क्षणभर ओळखलंच नाही.

"मी आलो हुतो की ताई," तो म्हणाला. "तुमच्या दारावरनंच गेलो."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता गोंधळला होता. पाणी सोडलं, वेळ झाल्यावर बंद केलं, पण मधल्या वेळात गल्लीत एक भांडं वाजलं नाही, हे त्यालाही विचित्र वाटलं होतं. अक्का मागावर असतील, बाकीचे गावाला गेले असतील असं त्याने धरलं. संध्याकाळी ऑफिसातून फोन आला की तक्रार आहे, चावी जमा कर. त्याच्या नावावर आधीची एक तक्रार होतीच. सुपरवायझर आज दुपारी गल्लीत येऊन चौकशी करणार होता, आणि तक्रार खरी निघाली तर काम संपलं. तुम्हाला दर वेळी सगळ्यांच्या आधी कळतं, तर काल मी आलेलं कळलं असेलच, तेवढं साहेबांना सांगा, एवढंच मागायला तो आला होता.

मी त्याला ओट्यावर बसवलं, आत गेले आणि मुलीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य हे टाकलं, की आई, तू त्या माणसावर पाळत ठेवत होतीस? मी म्हटलं, पाळत कसली, पाण्याची वाट बघत होते, तुला पुण्यात बसून काय कळणार. पण तो शब्द मला लागला.

मग तिने समजावून सांगितलं. वायफाय मागायला जाताना प्रत्येक फोन आधी आपला एक नंबर सांगतो, आपण फिरवतो तो नव्हे, यंत्राचा. पासवर्ड नंतर, नंबर आधी. दारात आलेल्या माणसाने कडी वाजवण्याआधी नाव सांगावं, तसं. पूर्वीचे फोन कारखान्यात मिळालेला जन्माचा नंबर सगळीकडे सांगत फिरायचे, त्यावरून कुणी कुठे गेलं-आलं हे लोक टिपायला लागले. म्हणून आताचे फोन खरा नंबर सांगत नाहीत. प्रत्येक वायफायसाठी एक खोटा बनवतात आणि त्या ठिकाणी तोच वापरतात. फोन कोरा केला की जुना खोटा नंबर जातो आणि नवा तयार होतो. चावीवाल्याचा फोन आता नव्या नंबराने येत असणार. तुझ्या राउटरला तो नवाच माणूस, म्हणून तुझी घंटी वाजली नाही, म्हणाली. घंटीचं सोड, खाली सगळ्या फोनांची यादी असते ती बघ.

बघितली. आमचे फोन, टीव्ही, आणि सगळ्यात खाली एक ओळ, अनोळखी उपकरण. आदल्या दिवशी सकाळी जोडलं, थोड्या वेळाने सुटलं. पुढे परत जोडलं, परत सुटलं. एकदा चावी फिरवायला आला तेव्हा आणि एकदा उलटी फिरवायला. मी बाहेर येऊन त्याला विचारलं, फोन दुरुस्त करून आणल्यावर आमचं वायफाय परत घातलं होतं का? तो म्हणाला, व्हय, वेळापूर वेळापूर कोण विसरंल.

आता त्याला दाखवणं भाग होतं. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. जुन्या नोंदी अजून होत्या. मे महिन्यातल्या, एप्रिलमधल्या, मागच्या थंडीतल्या. आला, गेला, परत आला.

"हे पाणी म्हंजे मी व्हय?" त्याने विचारलं.

मी हो म्हणाले.

"मला वाटायचं तुमचे कान लई तिखट हायत," तो म्हणाला आणि फोन परत दिला. मला लाज वाटली. चहा ठेवते म्हणाले तर त्याने नको म्हटलं.

दुपारी सुपरवायझर मोटारसायकलवर आला. वयाने माझ्या मुलीएवढा, शर्ट खोचलेला, बोलण्यात दर दोन शब्दांमागे एक इंग्रजी. काका अर्जाची प्रत घेऊन तयारच होते. अक्काही माग थांबवून दारात आल्या, म्हणजे प्रकरण मोठं होतं. सुपरवायझरने विचारलं, कालचा काही प्रूफ आहे का कुणाकडे? मी फोन पुढे केला. काका लगेच म्हणाले, अनोळखी म्हणजे कुणीही असेल, कुरिअरवाला असेल, त्यावर कोणाचं नाव आहे का? मुद्दा बरोबर होता, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. मी चावीवाल्याला म्हटलं, दादा, फोन खिशात ठेवा आणि मेन रोडपर्यंत जाऊन परत या.

तो गेला. अनोळखी उपकरण सुटलं. आम्ही चौघे भर उन्हात माझ्या हातातल्या फोनवर वाकून उभे होतो. तो कोपऱ्यावर परत दिसला, चालत आला, अक्कांच्या दारापर्यंत आला आणि त्याच ओळीत अक्षरं हलली, जोडले गेले. नंबर आदल्या दिवशीचाच. काकांच्या समाधानासाठी त्याला पुन्हा एकदा पाठवलं. पुन्हा तेच. अक्कांनी टाळी वाजवली. काकांनी अर्जाची घडी घातली आणि हेतुपुरस्सर हा शब्द आपण मागे घेतो म्हणाले, बाकीचा अर्ज तसाच ठेवून.

चावीवाल्याचं काम वाचलं. सुपरवायझरने तिथेच ऑफिसला फोन करून चावी परत द्यायला सांगितलं. चावीवाल्याने खाली बसून दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला रडू आलं, ते मी अक्कांच्या पदराआड उरकलं. एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर ही आठवण मी गोड म्हणून सांगितली असती. पण सुपरवायझर हलत नव्हता. तो माझ्या फोनच्या पडद्याचा फोटो काढत होता.

"मॅडम, हे लई भारी आहे," तो म्हणाला. "आला-गेला सगळं टायमासकट."

पुढच्या आठवड्यात ठेकेदाराचा नियम निघाला. प्रत्येक गल्लीत वायफायवालं एक घर धरायचं. चावीवाल्याने तिथे फोन जोडायचा, त्या घरातल्या माणसाने पडद्याचा फोटो सुपरवायझरला पाठवायचा, मग व्हॉल्व्ह उघडायचा. फोटो नाही तर त्या दिवशीची हजेरी नाही, आणि महिन्यात अशा तीन गैरहजेऱ्या पडल्या की घरी. आमच्या गल्लीतलं घर अर्थातच माझं. चावीवाल्याचा फोन मी पुन्हा नाव देऊन ठेवला, या वेळी त्याला विचारून. तो म्हणाला, काय बी घाला ताई, आता त्यानं काय हुतंय.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी मी त्याची वाट बघत नाही, तोच माझी बघतो. मी घरी असले तर खिडकीखाली उभा राहून वर बघतो. दुकानात असले तर फोन करतो.

"ताई, तुमच्या गल्लीत हुबा हाय. आलो का मी?"

मी ॲप उघडते, बघते आणि सांगते, आलात. कधी ॲप उघडायलाच वेळ घेतं, कधी गिऱ्हाईक समोर असतं. तोवर तो उन्हात चावी खांद्यावर घेऊन उभा. सगळ्याच गल्ल्यांत असं थांबायचं म्हणजे शेवटच्या गल्लीला पाणी पोचेपर्यंत टाकीतला जोर संपतो, मग तिथली माणसं त्याला शिव्या घालतात. काही घरं पासवर्ड देत नाहीत, तिथे तो दारोदार विचारत फिरतो. हे सगळं त्याने मला सांगितलं नाही, अक्कांना सांगितलं. माझ्याशी तो पूर्वीइतकाच नीट बोलतो, ताई म्हणतो, फक्त ओट्यावर बसत नाही. मी एकदा सुपरवायझरला फोन करून चांगलं खडसावलं. माणसं राबवायची ही काय तऱ्हा, म्हटलं. तो अगदी आदराने म्हणाला, मॅडम, आयडिया तर तुमचीच ना. मी फोन ठेवून दिला.

गेल्या महिन्यात असंच पाण्याच्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. कुठेतरी ट्रान्सफॉर्मर गेला होता. अक्कांचे माग बंद, गल्ली इतकी शांत की चावीवाल्याच्या चपलांचा आवाज मला वरच्या खोलीत आला. मी खिडकीत गेले. तो नेहमीच्या जागी उभा होता आणि वर बघत होता. राउटरचे दिवे विझलेले. त्याच्या खिशातला फोन ओळख सांगायला गेला तरी आत ऐकणारं कोणी नव्हतं.

मी त्याच्यासमोरच सुपरवायझरला फोन लावला आणि सांगितलं, लाइट नाहीये, पण तो इथे आलाय, माझ्या डोळ्यांसमोर उभा आहे. सुपरवायझर म्हणाला, उभा असेल मॅडम, पण सिस्टिममध्ये जोडल्याशिवाय मला हजेरी लावता येत नाही. मग मी त्याचा फोटो काढून पाठवते म्हटलं. फोटो कधीचाही असू शकतो, म्हणाला. आणि लाइट आल्यावर सोडू द्या पाणी, असं म्हणून फोन ठेवला. त्या महिन्यात चावीवाल्याच्या दोन गैरहजेऱ्या आधीच पडल्या होत्या, दोन्ही पासवर्ड न देणाऱ्या गल्ल्यांमुळे. हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

मी खिडकीतून सांगितलं, दादा, थांबा, लाइट येईल एवढ्यात. समोरच्या ओट्यांवर बायका नळ उघडून भांडी घेऊन बसल्या होत्या. काका बनियनवर दारात उभे होते. चार दिवसांची रिकामी पिंपं प्रत्येकीच्या दारात होती, माझ्याही. टाकीतलं पाणी या भागासाठी सुटलं होतं. आमच्या गल्लीने आत्ता घेतलं नाही तर ते पुढे जाणार आणि आमची पाळी पुन्हा पाच दिवसांनी.

मग वाकून त्याने झाकण उचललं, चावी आत घातली आणि फिरवायला लागला. मी वरून नको नको म्हणत होते, पण माझा आवाज मलाच फार मोठा वाटला नाही. नळ फुसफुसले. चावी काढून त्याने खांद्यावर घेतली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"भरून घ्या ताई," तो म्हणाला. "आज मी आलोच न्हाय."

मी खाली गेले आणि नळाखाली घागर लावली.